पुलाखालची भेग

दीर-वहिनीचं बरेच दिवस बोलणं नव्हतं. "पुलाखाली लोंबकळत फोटो काढायचे, हे काय काम झालं?" असं तो सासूबाईंसमोर म्हणाला होता आणि ते तिच्या मनाला लागलं होतं. पण लिफ्ट चालवणारा तोच आणि पाहणीचे फोटो काढणारी ती. लिफ्टच्या एकाच पाळण्यातून दोघं नदीकाठावरून पुलाच्या पोटाशी चढले.

जिचा संशय होता ती भेग आतल्या तुळईवर होती. पाळणा तिथवर जात नव्हता. तिने लांबची लेन्स लावली, कॅमेरा डोळ्याशी नेला, तेवढ्यात व्ह्यूफाइंडरवरचा, डोळा टेकवायचा रबरी आयकप खांद्याच्या पट्ट्यात अडकून निसटला आणि थेट नदीत गेला.

"आता?" दिराने तोंड उघडलं.

"आता काय, कपाळ."

पाण्यावरून उसळणारं ऊन बाजूने डोळ्यात घुसत होतं. नुसता डोळा टेकवून कॅमेरा स्थिर राहीना. वरून ट्रक गेला आणि भेग उघडल्यासारखी वाटली. भेग हलली की आपला हात?

काठावर थांबलेल्या इंजिनिअर बाई वायरलेसवर म्हणाल्या, "भेग हलते हे नक्की दाखवा, लगेच पूल बंद करते. नुसत्या अंदाजावर जमणार नाही."

दिराने आवाज अडवायला कानांवर घातलेले इयरमफ काढले आणि एका बाजूची मऊ गोल गादी उपटली. "वहिनी, ही लावून बघा."

तिने ती काळ्या चिकटपट्टीने व्ह्यूफाइंडरभोवती बसवली. डोळा त्यात रुतवला. ऊन बंद झालं. भुवई आणि गाल गादीवर घट्ट टेकले, कोपरं बरगड्यांशी आली. वारा मात्र पाळणा झुलवत होता.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"श्वाससुद्धा रोखलाय."

वारा पडला. पूल रिकामा असताना तिने एक फोटो घेतला. मग ट्रकचा गडगडाट जवळ आला, डोक्यावर आला, तेव्हा दुसरा. या वेळी शंका उरली नाही.

खाली आल्यावर इंजिनिअर बाईंनी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. रिव्हेट दोन्हींत जागच्या जागी, म्हणजे कॅमेरा हलला नव्हता; ट्रकखाली भेग तेवढी फाकलेली. त्यांचा चेहरा उतरला. "दोन्ही टोकं बंद करा. आत्ताच्या आत्ता," त्या वायरलेसवर म्हणाल्या.

एक भरलेली बस मात्र आधीच पुलावर चढली होती. तिघंही मान वर करून बघत राहिले. सांध्यातून माती झरली. बस रखडत रखडत पलीकडे उतरली, तेव्हा कुठे तिघांच्या जिवात जीव आला.

"दादा याच वेळेला या पुलावरून येतो," दीर एकदम म्हणाला. वहिनीचा हात आधीच फोनवर होता. रिंग वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. तिकडून नवरा वैतागून बोलला, "अगं, रांगेत अडकलोय. पूल बंद केलाय म्हणे. कोणाचं डोकं चाललंय हे?"

दिराने तिच्या हातातून फोन घेतला. "घरातल्याच एकीचं," तो म्हणाला. "तू लांबच्या रस्त्याने ये."