वेरलनला हौशी व्हायचं होतं

माणसं चांगली असली की डोक्याला किती ताप होतो, ते मला विचारा. आमच्या रस्त्यावरची सगळीच माणसं चांगली आहेत. कुणी हॅम आणून देतं, कुणी टोमॅटोची पाटी, कुणी भेंडीच्या लोणच्याची बरणी. आणि गेली पाच वर्षं मी, ओलेटा टॅकेट, दारात उभी राहून ते सगळं परत पाठवत होते. चर्चमधल्या बायका माझ्याबद्दल काय बोलत असतील ते देवालाच ठाऊक. बोलोत बापड्या.

कारण एकच, माझा नवरा. वेरलनला हौशी व्हायचं होतं.

ज्यानं आख्खा जन्म घोडे शिकवण्यात घातला, त्याला आता कसली हौस राहिलीय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं. पण घोड्यांच्या शोच्या जगात या शब्दाला फार किंमत आहे. घोडा शिकवायचे, घोड्यावर बसायचे जो पैसे घेतो तो व्यावसायिक. जो घेत नाही तो हौशी. व्यावसायिकाला परत हौशी व्हायचं असेल तर पाच वर्षं घोड्याच्या कामाचा एक पैसा घ्यायचा नाही. पैसाच काय, वस्तूही घ्यायची नाही. मग शो भरवणारी संघटना चौकशी करते आणि पटलं तर हौशी असल्याचं कार्ड देते.

आता वेरलन म्हणजे असा माणूस की कुणी घोड्याच्या तोंडाला हिसका दिला की याच्या पोटात कळ येते. कुंपणापाशी जाऊन उभा राहणार आणि सांगणार, "हात सैल सोड, तो काही पळून जात नाही." फुकट सांगायला बंदी नव्हती. पण सांगितलेलं लोकांना उपयोगी पडायचं, ही खरी पंचाईत. घोडा सुधारला की तो माणूस संध्याकाळी हॅम घेऊन दारात हजर. आणि मी हॅमसकट त्याला परत धाडायची. एकदा तर मी एका म्हातारीला तिच्याच घरच्या अंड्यांचे पैसे देऊन हाकललं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

हे सगळं कशासाठी, तर हॅटीसाठी. आमच्याकडे डीकन नावाचा तांबडा घोडा होता, पैदाशीचा. वेरलननं शिकवलेल्या घोड्यांपैकी स्वतःच्या नावावर असलेला हा पहिलाच, तोही मालकानं धंदा सोडताना देऊन टाकला म्हणून. माझ्याकडे माझ्या वडिलांनी दिलेली घोडी होती. तिला डीकनपासून एक शिंगरू झालं, ती हॅटी. त्यानंतर डीकन म्हातारपणानं गेला आणि घोडीही थकली. त्यामुळे पुढे काही होणार नव्हतं. जे काय होतं ते हॅटीच.

डीकनचं नाव आम्ही एका योजनेत घातलेलं होतं. पैदाशीच्या घोड्याचा मालक तिच्यात वर्गणी भरतो. त्या घोड्याचं शिंगरू हौशी स्वाराखाली शोमध्ये नंबरात आलं, की बक्षीस स्वाराला मिळतं, शिंगराच्या पैदासकाराला मिळतं आणि बापाच्या मालकालाही मिळतं. बाहेर हे तिघे तीन गावांत असतात. आमच्याकडे तिघेही एकाच टेबलावर जेवायला बसायचे, कारण स्वार आणि बापाचा मालक वेरलन, आणि घोडी माझी म्हणून पैदासकार मी.

"म्हणजे तिन्ही चेक आपल्याच पेटीत," मी म्हटलं. "पोस्टमनला तेवढंच काम."

वेरलन हसला नाही. म्हणाला, "चेकचं राहू दे गं. मला माझ्या घोड्यावर बसून रिंगणात जायचंय. एकदाच. मग माझी कंबर काढून नेली तरी चालेल."

कंबर खरंच काढून न्यायची होती. डॉक्टर दोन वर्षांपासून मागे लागले होते की उजव्या खुब्याचा सांधा बदलून घ्या, आणि त्यानंतर घोड्यावर बसायचं नाही. वेरलन अडुसष्ट वर्षांचा. कार्ड त्या वसंतात आलं तर एक उन्हाळा पदरात पडणार होता. काही खोट निघून पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली, तर संपलंच. हे त्याला कळत होतं आणि मलाही. म्हणून मी चर्चमधल्या बायकांच्या शिव्या खात होते.

आणि मग गार्लंड स्टाइल्सनं खडी टाकली.

गार्लंड आमचा शेजारी, त्याची खडीची खाण आहे. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणून पन्नाशीत त्यानं घोडा घेतला. बसायचा असा, की पोतंसुद्धा बरं. वेरलननं हिवाळाभर त्याला कुंपणावरून शिकवलं. मार्चपर्यंत गार्लंड घोडा वळवायला लागला, थांबवायला लागला, इतकंच काय, बसल्या बसल्या हसायलाही लागला. बायको गेल्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता.

एका शुक्रवारी आम्ही माझ्या बहिणीकडे टल्साला गेलो होतो. परत येऊन वळणावर वळलो तर फाटकापासून तबेल्यापर्यंत सगळ्या रस्त्यावर पांढरीशुभ्र खडी. पावसात जिथे पिकअप रुतायचा, तिथेही दाबून बसवलेली. इतका सुंदर रस्ता आमच्या दारात कधी नव्हता.

वेरलननं फाटकातच गाडी थांबवली. चाक खडीवर जाऊ दिलं नाही.

"हे त्यानं केलं," तो म्हणाला.

"मग काय झालं? पैसे देऊन टाकू."

मी आत जाऊन लगेच गार्लंडला फोन लावला. म्हटलं, किती झाले सांग, चेक फाडते. तर हा म्हणतो, "ओलेटा, त्या माणसानं मला जगायला लावलंय आणि तू मला खडीचे पैसे देतेस? माझ्या आईनं मला असं वाढवलेलं नाही."

"अरे बाबा, तू त्याचं कार्ड घालवशील."

"कसलं कार्ड? दगड आहेत ते. दगडांनी कुणाचं कार्ड जातं?"

मी समजावलं, ओरडले, फोन आपटला, पुन्हा लावला. त्याचं एकच पालुपद, भेटीचे पैसे मी घेत नाही. चांगली माणसं ही अशी असतात. मग मी वेरलनला म्हटलं, "गप्प बस. कोण बघायला येतंय? शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या रस्त्यावर खडी टाकली, त्यात घोड्याचा काय संबंध?"

"त्यानं कशासाठी टाकली ते मला माहीत आहे ना," वेरलन म्हणाला.

आता या माणसापुढे कुठे डोकं आपटायचं? शनिवारी उजाडल्यावर पाहते तर हा कुबडी टेकत टेकत फावडं घेऊन फाटकापाशी, खडी पिकअपमध्ये भरतोय. दर चार फावड्यांनंतर थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा, परत वाकायचा. मी ओरडले की मरशील. तो म्हणाला, कॉफी आण.

तेवढ्यात गार्लंड आला. उतरला, बघतच राहिला. चेहरा लाल झाला. आपण दिलेली भेट कुणी फावड्यानं उपसून परत करतंय, हे पाहून कोणाला बरं वाटेल? मला वाटलं, आता हे दोघे जन्मभर बोलणार नाहीत.

"वेरलन, तू माझा अपमान करतोयस," तो म्हणाला.

वेरलन फावड्यावर रेलून उभा राहिला. "गार्लंड, तुझ्या खडीइतकी चांगली वस्तू मला आजवर कुणी दिली नाही. पण ती घेतली तर मी तुला पैशासाठी शिकवलं असं होईल. मी तुला पैशासाठी शिकवलेलं नाही. तसं कुणी लिहून ठेवलेलं मला चालणार नाही."

गार्लंडनं पिकअपमधल्या खडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्याकडे लोडर आहे. तासाभरात उचलून नेईन."

"आण की."

"नाही आणत. तुला एवढी हौस आहे तर हातानंच भर." असं म्हणून त्यानं माझ्या भाजीच्या वाफ्यातलं फावडं उचललं आणि वेरलनच्या शेजारी उभा राहून भरायला लागला. दोघं गडी दुपार टळेपर्यंत दगड उपसत होते आणि एकमेकांना नावं ठेवत होते. जेवणाच्या वेळी मी बीन्स आणि मक्याचा ब्रेड बाहेर नेला. गार्लंडनं विचारलं, "हे खाल्लं तर माझं कुठलं कार्ड जाईल का?" मी त्याला ताटानंच मारणार होते.

इथपर्यंत ठीक होतं. पण वेरलननं सोमवारी संघटनेच्या ऑफिसला फोन करून सगळं स्वतःच सांगितलं. मी शेजारीच बसले होते. माझा जीव टांगणीला, आणि हा हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा सांगतोय. पलीकडून एक बाई बोलत होत्या, आवाजावरून तरुण वाटल्या.

"म्हणजे तुम्हाला मोबदला मिळाला, मिस्टर टॅकेट?"

"हो, मॅडम. एक रात्र होता माझ्याकडे."

"आणि आता ती खडी कुठे आहे?"

"त्याच्या खाणीत. जिथून आली तिथे."

"तुम्ही ती फावड्यानं परत भरलीत?"

"थोडी गवतात राहिली असेल. शोधतोय."

मग त्या बाईंना हसू फुटलं. हसू आवरून त्या म्हणाल्या की यासाठी त्यांच्याकडे रकानाच नाही, समितीला विचारून कळवते. दहा दिवस वेरलन तबेल्यातून हलला नाही. हॅटीला खरारा करून करून त्यानं तिचे केस झिजवले असते. मग कार्ड आलं. त्यानं ते पाकिटात ठेवलं, परत काढून बघितलं, परत ठेवलं. मी म्हटलं, चाट आता त्याला.

जूनमध्ये आम्ही आर्डमोरच्या शोला गेलो. हौशींची स्पर्धा. रिंगणात वकील, दाताचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, आणि त्यांच्यात वेरलन, ज्यानं त्यातल्या निम्म्यांना कधी ना कधी घोडा धरायला शिकवलेलं. लोकांना वाटलं असेल, हा सगळ्यांना खिशात घालणार. मलाही तसंच वाटत होतं.

पण तो घाबरला होता. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, मी त्याला घोड्यावर घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. फाटक उघडण्याआधी मला म्हणाला, "ओलेटा, मला काही सुचत नाहीये." मी त्याच्या बुटावर हात ठेवला. म्हटलं, "तुला नाही सुचलं तर हॅटीला सुचेल. जा."

आणि खरंच तसं झालं. त्यानं एकदा वळायला उशीर केला, एकदा दौडताना चुकीचा पाय आधी टाकायला सांगितला, पण हॅटीनं त्याचं ऐकलं नाही, जे करायचं ते केलं. दुसऱ्या कुणाच्या घोड्यावर असता तर त्यानं असल्या चुका कधी केल्या नसत्या. मी कठडा धरून बसले होते. शेवटी तो मधोमध थांबला. हॅटी खांबासारखी उभी.

तिसरा नंबर आला. माईकवरच्या माणसानं सांगितलं, हॅटी, डीकनची मुलगी, स्वार आणि मालक वेरलन टॅकेट, पैदासकार ओलेटा टॅकेट. माझं नाव कुठल्याही रिंगणात कधी घेतलं गेलं नव्हतं. गाड्या हाकल्या, घोडे धुतले, रात्र रात्र तबेल्यात काढल्या, पण नाव मालकाचं आणि स्वाराचं. मी रडले. खोटं कशाला बोलू?

डोळे पुसून बाहेर आले तर वेरलन बाहेरच्या फाटकापाशी हॅटीवरून उतरून उभा होता. बक्षिसाची फीत तिच्या मानेजवळ लावलेली. फोटोवाला पलीकडे वाट बघत होता, मागून दुसरे घोडे निघायची वाट बघत होते, आणि हा रस्ता अडवून, लगाम हातात पुढे धरून उभा.

मला आधी कळेनाच. मग कळलं. घोडा नंबरात आला की फाटकापाशी मालक यायचा, वेरलन लगाम त्याच्या हातात द्यायचा आणि स्वतः बाजूला व्हायचा. फोटो मालकाचा निघायचा. चाळीस वर्षं हेच झालं होतं. आताही हात आपोआप पुढे झाला होता आणि तो कुणीतरी यायची वाट बघत होता.

मी त्याच्याजवळ गेले. त्याचा पुढे आलेला हात धरून त्याच्या छातीशी नेला, लगामासकट.

"कुणाची वाट बघतोयस, वेरलन?" मी म्हटलं. "कुणी येणार नाहीये. ती तुझीच आहे."