बुद्धरत्नच्या ठोक्यांचा कागद

मी ईसीजीची एक जुनी मशीन आहे, मित्रांनो, आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. मशीनला डोके कुठले, असे विचारू नका. आधी ऐकून घ्या.

काळेवाडीतल्या डॉक्टर श्याम यांच्या दवाखान्यात मी कोरी करकरीत आले. हातापायांना चिमटे, छातीवर रबरी फुगे, आणि माझ्या तोंडातून सरसर निघणारा कागद. माणसाचे हृदय कसे चालते ते त्या कागदावर उमटते. चाकणच्या कंपन्यांतले कामगार रांग लावत. वडील वाचले म्हणून एकाने माझ्यापुढे नारळसुद्धा फोडला. मी हुरळून गेले, खोटे कशाला बोलू?

डॉक्टर मनाचे चांगले. पण गर्दी फार, म्हणून जुना केसपेपर काढायचा, "शिफ्ट कोणती?" एवढे विचारायचे आणि त्याप्रमाणे गोळ्यांच्या वेळा लिहायच्या, ही त्यांची पद्धत.

गेल्या वर्षी बुद्धरत्न आले, सत्तेचाळीस वर्षांचे. सोबत मुलगी दीक्षा होती. "पप्पांना दोनदा अंधारी आली, डॉक्टर. जिना चढताना मधेच बसतात," ती म्हणाली. मी कागद काढला. ठोका, ठोका, मग लांबलचक मोकळी जागा, मग पुन्हा ठोका. अशा माणसाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचे असते. तिथे छातीत पेसमेकर नावाचे छोटे यंत्र बसवतात. हृदय थबकले की ते त्याला ढोसून पुढे चालवते.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि केसपेपरही पाहिला. त्यावर सहा वर्षांपूर्वी लिहिले होते, 'वेल्डर'. पूर्वी उद्धवराव नावाच्या वेल्डरला त्यांनी असेच पाठवले होते. पेसमेकर बसला, वेल्डिंगच्या विजेने ते यंत्र बिघडू शकते म्हणून वेल्डिंगजवळ जायला मनाई झाली आणि कंपनीने त्यांना घरी बसवले. उद्धवराव दवाखान्यात येऊन रडले. डॉक्टरांनी तेव्हापासून धसका घेतला होता.

"अशक्तपणा आहे. गोळ्या देतो, महिन्याने बघू," डॉक्टर म्हणाले आणि कागद खणात टाकला. माझा जळफळाट झाला, पण मला कागद काढता येतो, वाचून दाखवता येत नाही.

अठराव्या दिवशी बुद्धरत्न कंपनीच्या बसची वाट पाहताना कोसळले, ते उठलेच नाहीत. गल्लीत लोक म्हणाले, मशीनच जुनी, तिला काय दिसणार! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय?

दीक्षा विचारायला आली. डॉक्टरांनी तो कागद काढून तिच्यापुढे ठेवला. "मला दिसलं होतं, बाळा. पण पेसमेकर बसला असता तर त्यांचं वेल्डिंग गेलं असतं. तुमचं घर त्याच्यावर चालतं, म्हणून मी..."

"वेल्डिंग कधीच सुटलं होतं," दीक्षा म्हणाली. "पप्पा दोन वर्षं झाली स्टोअरला होते. खुर्चीत बसून सामान द्यायचे. तुम्ही विचारलंच नाही, डॉक्टर."

दयेपोटी केले म्हणे! ज्याचे हृदय, त्यालाच सांगायचे नाही, ही कसली दया? आणि बुद्धरत्न वेल्डर असते, तरी नोकरी की जीव हे त्यांनी ठरवायचे होते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी डॉक्टर होतील. समोरच्याच्या पोटापाण्याची काळजी जरूर करा, पण त्याच्या जगण्याचा निकाल परस्पर लावू नका. कागदावर जे दिसते ते त्याला सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थांबा.