दोन प्रश्न, एक धागा

रविवारी सकाळी माझी बायको वृंदा आणि जळगावचे नेहेते नावाचे एक गृहस्थ एकच माणूस झाले. त्यांना मीच जोडलं होतं आणि नियमाप्रमाणे जोडलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मी ‘कळफलक’ नावाच्या मराठी संस्थळावर मॉडरेटर आहे. तिथे लोक दोनच विषयांवर बोलतात, बिघडलेले कॉम्प्युटर आणि जपानी अ‍ॅनिमे. बऱ्याचदा दोन्ही एकाच प्रश्नात असतात, कारण अ‍ॅनिमे बघायला बसलं की कॉम्प्युटरला हमखास काहीतरी होतं. विचारलेलाच प्रश्न कोणी पुन्हा विचारला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, आधी शोधा, मग विचारा. एक जण शोधेल तर शपथ. मग मी नवा धागा, म्हणजे तो प्रश्न आणि त्याखालची उत्तरं, उचलतो, जुन्या धाग्याला जोडतो आणि पुढच्या कामाला लागतो.

शनिवारी ‘शेवटचं पान’ अशा टोपणनावाच्या सभासदाने विचारलं होतं, ‘चालतं दीपगृह’ या अ‍ॅनिमेच्या नवव्या भागात मराठी सबटायटलच्या जागी नुसते चौकोन दिसतात, काय करू? हेच नेहेत्यांनी आधी विचारलं होतं आणि मी उत्तरही दिलं होतं. सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, देवनागरी फॉन्ट निवडा. मी दोन्ही धागे जोडून टाकले. शेवटचं पान म्हणजे वृंदा हे मला ठाऊक नव्हतं. ती आतल्या खोलीत होती आणि मी बाहेरच्या.

सकाळी ते ओट्यापाशी उभं होतं. उंची नेहेत्यांची, अंगावर वृंदाचा पंजाबी ड्रेस. डोळे तिचेच होते, खाली मिशी होती. धागे जोडले की जुना प्रश्न वर राहतो आणि नवा त्याच्या पोटात जातो, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

“तू मला का नाही विचारलंस?” मी म्हणालो.

“तुम्ही उसासा टाकता,” वृंदाचा आवाज आला. लगेच मागून नेहेत्यांचा आला. “पन उत्तर भारी देता भो.”

मी शलाकाला फोन लावला. शलाका दुसरी मॉडरेटर, रत्नागिरीची. अ‍ॅनिमेची मराठी सबटायटल तीच करते. आम्ही कधी भेटलेलो नाही, पण नियमांच्या बाबतीत ती माझ्याहून कडक आहे.

“सर, जोडलेलं उलटं फिरवता येत नाही,” ती म्हणाली. “फक्त विभाजन करता येतं. काय कोणाचं ते एकेक निवडून टिक करायचं.”

“तू कर ना.”

“तुमच्या घरातलं आहे. मी कसं ओळखणार?”

“मग सगळंच वृंदाच्या नावावर टिक करतो.”

“आणि नेहेत्यांनी काय करायचं? त्यांची आई वाट बघतेय. तिचे दोन निरोप आलेत संस्थळावर.” ती म्हणाली. “टिक न केलेलं जुन्या प्रश्नाकडे, म्हणजे नेहेत्यांकडे राहतं, हे तुम्हाला माहीत आहेच. धागा दिवेलागणीला बंद होतो. दोन्ही नियम तुम्हीच केलेत.”

ते खरं होतं. मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसलो. समोर ते बसलं. पडद्यावर त्याच्या आत असलेल्या सगळ्या गोष्टी एकाखाली एक आल्या, प्रत्येकीपुढे एक रिकामी चौकट. वृंदाचं असेल तिथे टिक करायचं, एवढंच काम होतं. सतरा वर्षांचा संसार आहे, दुपारच्या जेवणाआधी उरकेल असं मला वाटलं.

सुरुवात झकास झाली. पालीची भीती वृंदाची. चहात आलं किसून घालणं वृंदाचं. मटकीला मोड आणणं, गॅस एजन्सीचा नंबर, पाहुण्यांसमोर हळू बोलणं, सगळं वृंदाचं. शेवभाजी नेहेत्यांची. शाळेची घंटा आणि हेडमास्तरांचा राग नेहेत्यांचा, कारण ते शाळेत क्लार्क आहेत. मी भराभर टिक करत गेलो. मग पडद्यावर एक गच्ची आली. गच्चीवर कोणीतरी अंधारात गुणगुणत होतं आणि फार खुशीत होतं.

“हे कोणाचं?” मी विचारलं.

“आम्हाला काय कळणार? आतून सगळं सारखंच लागतं.”

वृंदाला मी गुणगुणताना ऐकलेलं नव्हतं. मी ती चौकट सोडून दिली.

पुढची गोष्ट नवव्या भागाची होती. त्यात दीपगृह मुलीला किनाऱ्यावर ठेवून एकटंच समुद्रात चालत जातं. संस्थळाच्या अ‍ॅनिमे विभागात या भागावर महिनाभर वाद चालला होता.

“तिथे फार रडू आलं होतं,” ते म्हणालं. “उशीत तोंड खुपसून. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.”

“बाहेर कोण होतं?”

“होतं कोणीतरी. टाइप करत होतं.”

मी विचार केला. वृंदा रडत नाही. तिचे वडील गेले तेव्हाही तिने सगळ्यांना पिठलंभात वाढला होता. नेहेते हळवे असणार, त्यांच्या लिहिण्यावरून वाटायचंच. मी पुढे सरकलो.

मग तसलंच येत राहिलं. एकटीने किंवा एकट्याने गोव्यापर्यंत जाऊन यायची इच्छा. एका जुन्या मैत्रिणीची आठवण, जिचा चेहरा मी पाहिलेला नव्हता. कोणाच्या तरी गालफडात मारावीशी वाटल्याचा क्षण. इरावती हे एक नाव, जे कोणालाच ठेवलेलं नव्हतं. त्या नावापाशी मी बराच वेळ थांबलो. आम्हाला मूल नाही आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. नेहेत्यांच्या शाळेत मात्र पुष्कळ मुली असतील.

“जरा आठवून सांग ना,” मी म्हणालो. “वृंदा, थोडी तरी खूण दे.”

“खूण कशाला, भाऊ? तुमच्याच घरातलं माणूस ना?” ते शांतपणे म्हणालं.

सगळ्याला टिक करावं म्हणून मी हात उचलला आणि जळगावच्या म्हातारीचे निरोप आठवले. पुन्हा वरपासून बघायला गेलो, तर टिक केलेलं फारच थोडं दिसत होतं, जेमतेम एका माणसाच्या दिवसाला पुरेल एवढं. खिडकीत उजेड पिवळा पडला. समोरच्या इमारतीत कोणीतरी देवापाशी दिवा लावला आणि माझ्या पडद्यावरचा धागा बंद झाला.

टेबलाशी आता दोघं बसली होती. वृंदा वृंदासारखीच दिसत होती, अगदी फोटोतल्यासारखी. नेहेते सावळे, धिप्पाड आणि चेहऱ्याने इतके भरलेले होते की त्यांच्यावरून नजर हटेना. त्यांनी उठून चपला घातल्या.

“येतो मी. रात्रीची गाडी आहे,” ते म्हणाले. दारात थांबून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “तुमची बीपीची गोळी राहिलीय सकाळपासून.” हे आपण का बोललो ते त्यांना कळलं नसावं. ते जिना उतरून गेले.

“वृंदा,” मी म्हणालो, “नववा भाग बघूया का आपण? चौकोन मी घालवून देतो.”

“चहा घेणार?” ती म्हणाली.

“दीपगृहाचा. तुला आवडतो तो.”

“आलं किसलंय,” ती म्हणाली.

मी खिडकीशी धावलो. नेहेते कोपऱ्यावर रिक्षाला हात करत होते. मी त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, पण कोणत्या नावाने मारायची ते सुचेना. रिक्षा थांबली. चढण्याआधी त्यांनी वर आमच्या खिडकीकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसायला त्यांचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला आणि शर्टावरून ओढणीचं टोक शोधत राहिला.