भट्टीतली राख

"भट्टीला कुणी हात लावायचा नाही!" सुरुंग काढणाऱ्या तुकडीचा कॅप्टन चुमाक ओरडला.

वर्ग तापवायच्या विटांच्या भट्टीपाशी काडी ओढायला वाकलेली सर्जन रायसा दाविदोव्ना तशीच थांबली. शाळेबाहेर उणे तीस अंशांच्या थंडीत, घसरगाड्यांवर तिचे एकेचाळीस जखमी पडले होते आणि अख्ख्या गावात दुसरं छप्पर उरलं नव्हतं.

"अहो, तुमच्या माणसांनी सगळी शाळा पालथी घातली ना? आता काय राहिलं?"

"आत चिमूटभर राख नाही. जर्मन काल जीव घेऊन पळाले. पळणारा माणूस भट्टी झाडून जातो होय?"

"मग माझ्या माणसांना नुसतं आत तरी घेऊ द्या."

"एक वीट चुकली तर सगळेच जातील. एक तास द्या."

"तासाभरात लाकडं होतील त्यांची!"

चुमाक भट्टीकडे वळला. मागच्याच महिन्यात एका भट्टीतल्या सुरुंगानं त्याची सहा माणसं खाल्ली होती, आणि 'साफ आहे' असं सांगणारा तोच होता. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, म्हाताऱ्या सार्जंट निकिफोरलासुद्धा.

हातमोजे काढून तो एकेक वीट सोडवू लागला. बोटं बधिर झाली, तरी पाठीवरून घाम वाहत होता. बाहेर कुणीतरी सारखं "आई, आई" करत होतं. घाई करावी असं हजारदा वाटलं, पण हात त्याच चालीनं चालला. मग तो आवाज थांबला.

शेवटची वीट निघाली. खाली कोरडी माती, बाकी काही नाही.

तेवढ्यात पलीकडच्या तळघरातून एक म्हातारी बादली घेऊन आली. "अरे देवा, भट्टी का रे मोडलीस? राख हवी होती तर मागायचीस. मी सकाळीच नेली, कपडे धुवायला."

"राखेनं?"

"मग? साबण बघितलाय कुणी दोन वर्षांत? तुझी आई कशानं धुवायची रे?"

त्याची आईही राखेच्या पाण्यानंच धुवायची. त्याला हे कसं सुचलं नाही? कुणाला विचारावंसंही वाटलं नाही!

जखमी आत आले. अडतीस.

तपासलेल्या इमारतीवर अधिकाऱ्यानं आपलं नाव घालायचं, असा नियम होता. निकिफोर रंगाचा डबा घेऊन चुमाकच्या कानाशी कुजबुजला, "प्रोखोर येलिझारिच, आज माझं नाव लिहितो. बाहेर लोक विचारतायत, उशीर कुणी केला म्हणून."

"आण इकडे."

चुमाकनं दारावर लिहिलं: 'सुरुंग नाहीत. तपासलं: कॅप्टन चुमाक. दहा ते अकरा दहा.'

मागे उभ्या असलेल्या रायसानं ते वाचलं आणि ती आत गेली. तिच्यामागून चुमाकही गेला, गुडघे टेकून बसला आणि भट्टीची पहिली वीट बसवू लागला.