गुलाबी फुलांच्या झाडाखाली

मित्रांनो, मी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातलं एक जुनं, ऐसपैस झाड आहे. मला कुणी लावलं नाही. शेंगा खाऊन आलेल्या कुठल्याशा बैलाच्या शेणातून बी पडलं आणि मी उगवलं. पुस्तकात मला वर्षावृक्ष म्हणतात, व्यापारी शिरीष म्हणतात, तर गुरं घेऊन येणाऱ्या बायका शेंगांचं झाड म्हणतात. एवढी नावं असल्याचा मला फार आनंद वाटे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्या नावांनी माझा जीव टांगणीला लावला! मनकर्णाबाई आपली गाभण गाय विकायला घेऊन आल्या होत्या. माझ्या सावलीत येताच गाय व्यायला लागली आणि अडली. वासराचा एकच पाय बाहेर आला होता. मनकर्णाबाईंनी जनावरांच्या डॉक्टर राजेश्वरीताईंना मोबाईल लावला आणि शेंगांच्या झाडाखाली यायला सांगितलं. ताई नव्यानेच बदलून आलेल्या. त्या फाटकाजवळच्या बाभळीखाली जाऊन थांबल्या. शेंगा तिलाही होत्याच! शेजारी उभ्या रंगनाथ व्यापाऱ्याने फोन घेऊन शिरीष सांगितला, तर ताई खऱ्या शिरीषाकडे, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला धावल्या. मला त्या दिसत होत्या. फांद्या हलवून बोलवावं असं वाटत होतं, पण वाराच नव्हता. इकडे गाईने दमून मान जमिनीवर टेकवली.

तेवढ्यात माझं एक फूल तिच्या पाठीवर पडलं. मनकर्णाबाईंनी वर पाहिलं आणि फोन परत घेतला.

"ताई, नाव ऱ्हाऊ द्या. ज्याला गुलाबी फुलं हायेत, तिथं या. गाय लई थकली हाय."

बाभळीची फुलं पिवळी, शिरीषाची पांढरट. गुलाबी फक्त माझी! ताई वळल्या आणि गर्दीतून वाट काढत थेट माझ्याकडे पळत आल्या. त्यांनी हात घालून वासराचा आत दुमडलेला पाय सरळ केला, रंगनाथने जोर लावला आणि वासरू बाहेर आलं. पण ते हलेना. ताईंनी त्याचं नाक पुसलं, गवताने अंग खसाखसा चोळलं. मग ते शिंकलं! कालवड होती. गाय तिला चाटू लागली, तेव्हा माझं पान न् पान शहारलं.

"आता इकायची न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. मायलेकींना घेऊन त्या टेम्पोत बसल्या.

मित्रांनो, आमच्या बुंध्याशी कचरा पेटवू नका, सालीत खिळे ठोकू नका. आणि रोज ज्या झाडाखालून जाता, तिथं एकदा थांबून वर बघा.