लाल पाटी

लाल पाटीला कुंकू लावायला गेलेली येसूबाई उभ्याउभ्या मेली, हे रेवदंड्यात कुणाला खरंच वाटेना. समुद्राने नेलेली माणसं गावाने पाहिली होती, पान लागून, साप चावून, मेलेली पाहिली होती. पण ना जखम, ना रक्त, ना ताप, आणि सकाळी न्हाऊन कामावर आलेली धडधाकट बाई कुंकवाचं बोट पुढे धरून कोसळते, हे कसलं मरण? कोपराला तेवढा चवलीच्या नाण्याएवढा काळा डाग होता. दसरा होता त्या दिवशी. सोनं म्हणून आपट्याची पानं कुणी कुणाला दिली नाहीत.

त्या पाटीवरचा मजकूर सिराजुद्दीनने लिहिला होता, आणि त्यात एक अक्षरही चुकलेलं नव्हतं.

सिराजुद्दीन हा नजमुद्दीनशेठचा भाचा. मुरुडला शाळेत इंग्रजी शिकला, मग बोटीवर गेला, तोही थेट स्वीडनच्या. तिथे आठ-नऊ वर्षं विजेच्या कामावर राहून स्वीडिश लिहा-वाचायला शिकून आला. इकडे शेठने मासळीसाठी खाडीकाठी बर्फाचा कारखाना काढायचं मनावर घेतलं आणि मुंबईच्या गोदीतून स्वीडनचं एक जुनं इंजिन आणि वीज तयार करायचं यंत्र उचलून आणलं. यंत्र उत्तम होतं, पण त्यावरची प्रत्येक पाटी स्वीडिश. मुंबईचा वीज-तपासनीस म्हणाला, सगळं इंग्रजीत करा, नाहीतर परवाना विसरा. शेठने भाच्याला बोलावून घेतलं.

दुसऱ्या कुणी हे काम चार दिवसांत उरकलं असतं. पण सिराजुद्दीन शब्दांच्या बाबतीत महाचिकित्सक. त्याने मुंबईहून विजेचं एक इंग्रजी पुस्तक आणवलं. त्यातली आकृती आणि यंत्राबरोबर आलेली स्वीडिश आकृती शेजारी शेजारी पसरायची, एकेका तारेवरून बोट फिरवत जायचं आणि त्या जागेला इंग्रज काय म्हणतो ते शोधायचं, अशी त्याची रीत. मग त्यावर येईल-जाईल त्याचं डोकं खायचं. "बघा मामू, जादा वीज आली की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवते ती तार. स्वीडनवाला तिला सेक्रिंग म्हणतो, म्हणजे राखणदार. इंग्रज म्हणतो फ्यूज, म्हणजे वितळणारी. एक तिचं काम बघतो, दुसरा तिचं मरण!" शेठ बिचारे हो ला हो करायचे. त्यांचं लक्ष बर्फ कधी निघतो याच्याकडे.

सगळ्यात जास्त वेळ त्याने घेतला तो शेवटच्या पाटीला. विजेच्या खोलीत जाळीच्या दाराआड तांब्याच्या उघड्या पट्ट्या होत्या. त्यांतून सगळा प्रवाह जायचा. त्यांच्यावर शब्द होता लिव्सफारा. बोटीवर अशाच पट्ट्यांना एका नव्या खलाशाचा खांदा लागून तो जागीच मेला होता, आणि त्याला ओढून बाजूला काढणारा सिराजुद्दीनच होता. आपल्या कारखान्यात असं मरण कुणाला येऊ द्यायचं नाही, ही एकच गोष्ट त्याने मनाशी धरली होती.

"नुसतं डेंजर लिही की, बेटा," शेठ म्हणाले.

"नाही मामू. लिव्स म्हणजे जीव, फारा म्हणजे धोका. मूळ शब्दात जीव आहे, तो मी गाळू कसा? डेंजर टु लाइफच पाहिजे."

"बरं बाबा, घाल जीव. पण त्या जाळीच्या दाराला एक कुलूपही घाल."

"कुलूप कशाला? वेळ आली तर धावत जाऊन बटण पाडावं लागतं, तेव्हा चावी कोण शोधणार? बोटीवर नुसती कडी असायची. पाटी आहे ना!"

पाटी मुंबईहून तयार होऊन आली. लालभडक, चकचकीत, वर विजेचा वाकडातिकडा पिवळा बाण, खाली पांढरी इंग्रजी अक्षरं. तपासनिसाने ती वाचून सिराजुद्दीनची पाठ थोपटली. असं इंग्रजी मुंबईतही बघायला मिळत नाही, म्हणाला. त्यानंतर दोन-तीन दिवस सिराजुद्दीनचे पाय जमिनीला लागत नव्हते.

बर्फाच्या लाद्या ओढायला मिठागरांकडची आगरी माणसं होती. त्यांचा म्होरक्या काळूराम. त्याची बायको येसूबाई कारखाना झाडायची, लाद्यांवर भुसा घालायची. रोज सकाळी कामाला हात लावायच्या आधी ही माणसं जाळीपुढे उभी राहायची, आतल्या लाल पाटीकडे बघून हात जोडायची आणि मग कामाला लागायची. सिराजुद्दीनला ते बघून समाधान वाटायचं.

"बघितलंत मामू? धाक बसायला पाहिजे होता तो बसला."

दसऱ्याला काळूरामने विचारलं, "सिराजभाई, यंत्राची पूजा करू ना?"

"करा की. मात्र इंजिन बंद होणार नाही हं. मासळीचे मचवे बर्फासाठी थांबलेत."

एवढं सांगून तो जुम्म्याच्या नमाजाला गेला.

परत आला तेव्हा इंजिनावर झेंडूची माळ होती, बर्फाच्या करवतींना, चिमट्यांना हळदकुंकू लागलं होतं. बरं वाटलं त्याला. आणि मग जाळीचं दार दिसलं. सताड उघडं. आत येसूबाई, ओले केस पाठीवर सोडलेले, डाव्या हातात करंडा, उजव्या हाताचं बोट लाल पाटीकडे चाललेलं.

सिराजुद्दीन जीव तोडून ओरडला. पण त्या क्षणी ना मराठी तोंडात आली, ना इंग्रजी.

"लिव्सफारा!"

हा काय म्हणतोय म्हणून येसूबाई वळली. वळताना कोपर पट्टीला लागलं.

त्याने धावत जाऊन बटण पाडलं. कुलूप नव्हतं, चावी शोधावी लागली नाही. तरी उशीर झाला होता. दिवे गेले, पंप थांबले, आणि त्या शांततेत काळूराम हातात न फोडलेला नारळ घेऊन नुसता उभा राहिला. रडलाही नाही. कुणीच रडलं नाही. काय झालं हेच कुणाला उमगत नव्हतं.

अलिबागहून पोलीस आले, मुंबईहून तपासनीस आला. त्याने पाटीवर उडालेलं कुंकू रुमालाने पुसून अक्षरं पुन्हा वाचली. सूचना अचूक आणि ठळक होती, कारखान्याचा दोष नाही, असा त्याने शेरा दिला. सिराजुद्दीन ते ऐकत भिंतीला टेकून बसला होता.

सगळे गेल्यावर काळूराम त्याच्यासमोर येऊन बसला. त्याची नजर पाटीवर होती.

"देवीची म्हनून कुकू लावाया गेली ती. लाल दिसली, वर बान व्हता, आमाला वाटलं तुमी तिची जागा बसवली." मग त्याने विचारलं, "काय लिवलंय वो तिच्यावर?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि सिराजुद्दीनने कुणाला सांगितलं नव्हतं.

"हात लावलास तर मरशील."

"येवढंच?"

सिराजुद्दीनने मान डोलावली.

"मंग तोंडानं का न्हाय सांगितलंत, सिराजभाई? येसू तुमचा सबूद कवा खाली पडू देत नव्हती."