करिपूरच्या आभाळात अश्कर

उरलेलं अंतर : ३,२४० किलोमीटर

उम्मा, रुखियाची आई, पहाटे गेली. सौदीतल्या दम्मामहून विमानात बसता बसता अश्करने थोरल्या बहिणीला फोन केला. "इत्ता, साडेचार तासांचा तर प्रश्न आहे. दोनला उतरतो. मी येईपर्यंत उम्माचा चेहरा झाकू नका."

"नाही झाकत," रुखिया म्हणाली.

म्हणाली आणि जीभ चावली. शब्द तिने उम्मालाही दिला होता. वडिलांची, बाप्पाची मय्यत त्याच दम्मामहून एकोणीस दिवसांनी, पेटीतून आली होती. तेव्हापासून उम्माचं एकच पालुपद : "मला असं ताटकळत ठेवाल तर याद राखा. दुपारची नमाज झाली की उचला."

१,९००

रुखियाच्या मोबाइलवर पिवळं विमान समुद्रावरून मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. उम्माची आंघोळ झाली, कफन झालं. चेहरा तेवढा उघडा.

बीरान मामा डोकावला. "अजून एवढं? एवढ्यात मी मक्केला जाऊन आलो असतो."

"मामा, तुम्ही मंजेरीच्या बाजारातून तरी कधी वेळेवर आलात का?"

मामा हसला, आणि हसता हसताच बहिणीच्या पायाशी बसून रडू लागला.

९०

नमाज होऊन तास उलटला. माणसं अंगणात उभी. मशिदीचे उस्ताद सारखे घड्याळ पाहत होते. करिपूर विमानतळाच्या टेकडीवर ढग टेकले होते.

४

विमान डोक्यावर आलं. कौलं थरथरली. दिसलं मात्र काहीच नाही.

११

२३

परत ४

"अगं, उतरत का नाही ते?"

"धावपट्टी दिसत नसेल, मामा."

"मग कोचीला नेतील. तिथून रस्त्याने चार तास, म्हणजे रात्रच. तू बोल पोरी. तू म्हणशील तसं."

रुखियाने उम्माकडे पाहिलं. ओठ सकाळपेक्षा काळवंडले होते. कपाळावर माशी बसली. तिने ती हाकलली, ती पुन्हा बसली.

"उचला," ती म्हणाली.

चेहरा झाकून कफनाची गाठ बांधली. जनाजा पायऱ्या उतरला, तोच आभाळात पुन्हा घरघर सुरू झाली.

"थांबा! खाली ठेवा!"

बायका ओसरीतच थांबतात. रुखिया मात्र अनवाणी अंगणात धावली, पुरुषांच्या मधोमध. तिने गाठ सोडून उम्माच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं.

"अगं, काय करतेस?" मामा पुढे झाला. उस्तादांनी त्याचा हात धरला आणि स्वतः पाठ फिरवली. परक्या बाईचा चेहरा पुरुषांनी पाहायचा नसतो; मग एकेक करत सगळ्यांनीच पाठी फिरवल्या. भरल्या अंगणात आभाळाकडे तोंड करून उम्मा एकटीच.

आवाज वरून गेला. पातळ झाला. रुखियाने तो पुरता विरेपर्यंत वाट पाहिली. मग तिने कापड ओढलं, पण गाठ काही तिला बांधता येईना.

शेवटी मामाने बांधली.